वाचकांचे प्रश्न : एक पीस पांढऱ्या कागदावर ठेवा

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: 'आमच्या कोंबडीच्या रंगाला नेमकं म्हणतात काय?' सोबत फोटोही आले आहेत. अडचण अशी की फोटोत अख्खी कोंबडी दिसते, पीस दिसत नाही, आणि रंगाचं नाव ठरतं ते पिसावरून. म्हणून खालच्या उत्तरांत पुन्हापुन्हा एकच आग्रह दिसेल: पीस हातात घ्या.

प्रश्न : वेगवेगळ्या रंगांची मिश्र पिल्लं पाळली आहेत. आता ती १४ आठवड्यांची झाली. दर पंधरवड्याला रंग बदलल्यासारखा वाटतो. रंग ओळखायचा कधी आणि कसा?

१४ आठवडे हे रंग ठरवायला सगळ्यात फसवं वय. पिल्लाच्या अंगावर आधी लव असते, मग पिल्लाची पिसं येतात, ती जाऊन तरुण पिसं येतात आणि शेवटी मोठ्या पक्ष्याची. तुमच्या पिल्लांच्या अंगावर या घडीला दोन पिढ्यांची पिसं एकत्र आहेत. ज्या कोंबडीला पुढे सुरेख गोल किनार येणार असते, ती या वयात ओबडधोबड आडव्या पट्ट्यांची दिसते. नाव ठेवायचं ते ६-७ महिन्यांनंतर, पिसं पूर्ण भरल्यावर. त्याआधी भरवशाची खूण मिळते ती फक्त पहिल्या दिवशीच्या लवेवरून. त्यामुळे पुढच्या उबवणीत पिल्लू वाळल्या वाळल्या पाठीचा, डोक्याचा आणि पोटाचा असे तीन फोटो काढा आणि पायात क्रमांकाची कडी घाला. नंतर कोणतं पिल्लू कोणतं, हे आठवणीवर सोडलं की सगळा खेळ संपला.

मोठा पक्षी बघताना उजेड दिवसाचा हवा, तोही सावलीतला. लाल दिव्याखाली रुपेरी कोंबडी सोनेरी दिसते, निळी तपकिरी दिसते. पक्षी हातात घेऊन सहा जागा बघा: मान, छातीचा मध्य, पाठ, उघडलेला पंख, शेपूट आणि पिसं बाजूला सारून कातडीलगतची लव. प्रत्येक जागेचं एक पीस पांढऱ्या कागदावर ठेवा. शक्यतो गळून पडलेलं घ्या, उपटू नका. मग त्याच्याजवळ तीनच गोष्टी लिहा: पिसाचा मूळ रंग, त्यावरच्या खुणेचा रंग आणि खूण कुठे आहे, म्हणजे टोकाला, कडेने, आडवी की दांडीलगत.

एवढं लिहिलं की निम्मं कोडं सुटतं. कारण कोंबडीच्या पिसात रंगद्रव्यं दोनच: काळं आणि तांबूस. काळं पातळ झालं की निळा, राखी किंवा चॉकलेटी रंग दिसतो. तांबूस पातळ झालं की पिवळसर बदामी. दोन्ही नसली की पांढरा. काळ्या पिसावरची हिरवी झळाळी हा वेगळा रंग नव्हे. पिसाच्या आतल्या थरांची रचना प्रकाश तसा परतवते.

आणखी एक. रंग म्हणजे जात नव्हे. पांढरी लेगहॉर्न असते, पांढरी वायनडॉट असते, पांढरी प्लिमथ रॉकही असते. जात ठरते तुऱ्याच्या आकारावरून, अंगाच्या ठेवणीवरून, नळ्यांच्या म्हणजे पायांच्या रंगावरून, बोटांच्या संख्येवरून. रंग ओळखला म्हणून जात ओळखली, असं होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे तीन 'पट्टेरी' कोंबड्या आहेत. तिन्हींचे पट्टे वेगळे. तिघी एकाच प्रकारच्या का?

पट्टेरी हा शब्दच फसवा आहे. त्यात निदान तीन निराळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

पहिली बार्ड. प्लिमथ रॉकचं पीस बघा: काळा, पांढरा, काळा, पांढरा असे सरळ, स्वच्छ आडवे पट्टे, आणि टोक काळ्या पट्टीवर संपतं. पीस उलटं करून बुडाची लव बघा. पट्टे फिकट होत होत पार कातडीपर्यंत गेलेले दिसतील. दुसरी कुकू. पट्ट्यांचं जनुक तेच, पण पट्टे पुसट, वाकडे, पुष्कळदा इंग्रजी व्ही अक्षरासारखे. फरक पडतो पीस वाढण्याच्या वेगाने. पट्टा उमटतो तो पीस वाढत असताना रंग भरणं आलटून पालटून चालू-बंद झाल्याने. पीस हळू वाढलं तर रेघ नेटकी येते, भराभर वाढलं तर फरफटते. म्हणून बार्डच्या कळपात भराभर पिसं येणारी पिल्लं शिरली की दोन पिढ्यांत पट्टे कुकूकडे झुकतात. लोक मग खाद्याला दोष देतात.

तिसरा प्रकार हॅम्बर्ग किंवा कॅम्पीन या जातींतला. इथे मूळ रंग सोनेरी किंवा रुपेरी आणि त्यावर हिरव्या झळाळीचे काळे पट्टे. बुडाची लव मात्र सपाट करडी, तिथे पट्टे नाहीत. याचं जनुक अगदी वेगळं आहे आणि ते नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर, म्हणजे लिंगसूत्रावर, नाही.

बार्ड-कुकूचं जनुक मात्र लिंगसूत्रावर बसलेलं आहे. कोंबड्याकडे त्याच्या दोन प्रती असू शकतात, कोंबडीकडे एकच. म्हणून शुद्ध कळपात कोंबडा फिकट, त्याचे काळे-पांढरे पट्टे सारख्या रुंदीचे. कोंबडी गडद, तिचा पांढरा पट्टा काळ्याच्या साधारण निम्मा. तुमच्या कळपात बार्ड कोंबडा कोंबडीइतकाच गडद दिसत असेल तर त्याच्याकडे एकच प्रत आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून त्याला पट्ट्यांचं जनुक मिळालं नाही.

पहिल्या दिवशी काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसला की पट्ट्यांचं जनुक आहे असं समजा. शुद्ध बार्ड पिल्लांत नराचा ठिपका मोठा आणि विस्कटलेला असतो, मादीचा लहान आणि घट्ट, आणि मादीच्या नळ्यांवर समोरून काळपट छटा जास्त असते. यात चूक होऊ शकते. बिनचूक निवड हवी असेल तर साधा काळा कोंबडा आणि बार्ड कोंबडी यांची जोडी लावा. ठिपका असलेलं प्रत्येक पिल्लू नर, नसलेलं मादी. जोडी उलट केली, म्हणजे कोंबडा शुद्ध बार्ड आणि कोंबडी काळी, तर सगळ्यांच्याच डोक्यावर ठिपका येतो आणि हाती काही लागत नाही. पहिल्या जोडीत काळ्याऐवजी पांढरा लेगहॉर्न कोंबडा घेतला तरीही हिशेब बिघडतो. त्याचं कारण पुढे पांढऱ्याच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : निळी कोंबडी, निळा कोंबडा. १२ अंडी उबवली, ९ पिल्लं निघाली: ३ काळी, ४ निळी, २ मळकट पांढरी. अंड्यांत भेसळ झाली का?

भेसळ मुळीच नाही. उलट इतकं पुस्तकी उत्तर क्वचित मिळतं.

निळा रंग म्हणजे काळ्या रंगावर पातळ करणाऱ्या जनुकाची एक प्रत. दोन प्रती आल्या की पक्षी होतो स्प्लॅश: मळका पांढरा, त्यावर निळ्या-करड्या रंगाचे वाटेल तसे शिंतोडे. एकही प्रत नसेल तर काळा. म्हणून निळा-निळा जोडीतून सरासरी २५ टक्के काळी, ५० टक्के निळी, २५ टक्के स्प्लॅश. निळा-काळा जोडीतून निम्मी निळी, निम्मी काळी. निळा-स्प्लॅश जोडीतून निम्मी निळी, निम्मी स्प्लॅश. आणि काळा-स्प्लॅश जोडीतून सगळी निळी! नुसती निळीच पिल्लं हवी असतील तर निळ्यांची जोडी लावून भागत नाही.

ही टक्केवारी सरासरीची आहे, हे मात्र विसरू नका. निळ्या जोडीची चारच पिल्लं निघाली तर त्यांत एकही निळं नसण्याची शक्यता १६त १ असते. इतकं कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं.

हे जनुक फक्त काळ्या द्रव्यावर चालतं, तांबड्याला हात लावत नाही. तांबडी-काळी किनारीची कोंबडी निळी झाली तर तांबडं तसंच राहतं आणि किनार तेवढी निळी होते.

याच प्रश्नाला जोडून आणखी दोघांनी विचारलं आहे की लॅव्हेंडर आणि निळा एकच का. नव्हे. दोघांचं एकेक पीस शेजारी ठेवा. निळ्याच्या पिसाला कडेने गडद रेघ असते, चांगल्या अँडालुशियन कोंबडीत ती किनारीसारखीच उठून दिसते; कोंबड्याची मान आणि पाठ तर काळपट असते. लॅव्हेंडरचं पीस टोकापासून बुडापर्यंत एकसारखं फिकं राखी, कडेला रेघ नाही, मान-पाठही त्याच छटेची. शिवाय लॅव्हेंडर तांबड्यालाही फिकं करतो, ते गवताच्या काडीसारखं पिवळसर होतं. एखाद्या 'निळ्या' कोंबड्याच्या मानेत फिक्या पिवळ्या काड्या दिसल्या तर लॅव्हेंडरचा संशय घ्या. निळ्याच्या मानेत तांबडं उतरलं तर ते तांबडंच दिसतं.

लॅव्हेंडर दबलेला गुण आहे, म्हणजे दोन प्रती असल्या तरच दिसणारा. लॅव्हेंडरच्या जोडीला फक्त लॅव्हेंडरच पिल्लं. लॅव्हेंडर आणि शुद्ध काळा यांची सगळी पिल्लं काळी, पण पोटात लॅव्हेंडर बाळगणारी; अशी दोन एकत्र आणली तर चौथा हिस्सा लॅव्हेंडर. पिढ्यान्‌पिढ्या लॅव्हेंडर-लॅव्हेंडर करत राहिलं की शेपटीची आणि पंखांची पिसं विरळ, तुटकी येऊ लागतात. त्यासाठी मधूनमधून चांगल्या पिसांचा काळा पक्षी आणावा लागतो. तिथे काळ्याऐवजी निळा आणू नका. पुढच्या पिढीत दोन्ही पातळ करणारी जनुकं एकाच पिल्लात आली की कुठला राखी कशामुळे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

प्रश्न : काळी कोंबडी उन्हाळ्यात तपकिरी झाली. ही चॉकलेटी जात का?

पिसावर पीस चढलेलं असतं तिथे बोटाने वरचं पीस सरकवा. झाकलेला भाग काळा आणि उघडा भाग तपकिरी असेल तर ते ऊन आहे. जुनी पिसं झडून नवी आली की पुन्हा काळी होईल. झाकलेलं पीसही तेवढंच चॉकलेटी असेल तरच रंगाचा विचार करा.

प्रश्न : दोन पांढऱ्या पक्ष्यांची जोडी लावली तर पिल्लं रंगीत आली. हे शक्य आहे?

शक्य आहे. पांढरा हा रंग नव्हे, रंगाचा अभाव आहे, आणि रंग अडवायचे रस्ते अनेक आहेत.

लेगहॉर्नचा पांढरा वरचढ असतो. एक प्रत पुरते. तो काळं द्रव्य अडवतो, तांबड्यावर त्याचा जोर फारसा चालत नाही. म्हणून पांढऱ्या अंगावर तांबडे खांदे असलेले पक्षी दिसतात, आणि सोनेरी पिसाची काळी किनार पांढरी झालेलेही. एकच प्रत असलेल्या पक्ष्याच्या अंगावर इकडेतिकडे काळे शिंतोडे सुटतात. सिल्कीचा पांढरा उलट दबलेला: दोन प्रती हव्यात, पण मिळाल्या की काळं-तांबडं दोन्ही बंद. आता लेगहॉर्नकडचा पांढरा कोंबडा एकाच प्रतीचा आणि कोंबडी दबलेल्या पांढऱ्याची असेल, तर निम्म्या पिल्लांना वरचढ पांढरा मिळत नाही आणि दबलेल्या पांढऱ्याची एकच प्रत मिळते. ती रंगीत होणारच.

आपला पक्षी कुठला हे बघायचं असेल तर त्याला शुद्ध काळ्या जोडीदाराबरोबर ठेवा आणि निदान ८ पिल्लं काढा. सगळी फिकी पिवळी निघाली आणि पिसं आल्यावर पांढरी किंवा काळ्या शिंतोड्यांची झाली तर वरचढ पांढऱ्याच्या दोन प्रती. साधारण निम्मी पांढरी, निम्मी रंगीत तर एक प्रत. सगळी रंगीत तर दबलेला पांढरा. ८ का? एकच प्रत असलेल्या पक्ष्याची ८च्या ८ पिल्लं पांढरी निघण्याची शक्यता २५६त १ इतकीच उरते. चारांवर थांबलात तर ती १६त १ होते, आणि निष्कर्ष कच्चा राहतो.

पांढऱ्या चादरीखाली काय झाकलेलं आहे ते वरून कळत नाही, ही खरी गोम. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये बार्डचं आणि रुपेरी रंगाचं जनुक पुष्कळदा दडलेलं असतं. नातवंडांत अचानक पट्टेरी पिल्लू निघतं ते त्यामुळे.

पांढऱ्या पक्ष्यावर पिवळी झाक येते ती वेगळी. ऊन आणि पिवळा मका किंवा हिरवा पाला यांतलं पिवळं द्रव्य, दोन्हींचा तो परिणाम. जात बिघडलेली नसते.

प्रश्न : लेस्ड, पेन्सिल्ड, स्पँगल्ड, मॉटल्ड: या शब्दांचा गोंधळ मिटवा.

छातीच्या मधलं एक पीस कागदावर टोक वर करून ठेवा आणि बघा.

काळी रेघ पिसाच्या कडेकडेने, सगळीकडे सारख्या जाडीने फिरून आली आणि आत एकच स्वच्छ रंग राहिला तर लेस्ड. सीब्राइट आणि लेस्ड वायनडॉट हे नमुने. आत आणखी एक तशीच रेघ असेल तर डबल लेस्ड, जशी बार्नव्हेल्डरमध्ये. एकात एक अशा तीन किंवा जास्त बारीक रेघा, पिसाच्या आकारालाच धरून, तर पेन्सिल्ड. डार्क ब्रह्मा आणि पार्ट्रिज वायनडॉटच्या कोंबड्या बघा. हॅम्बर्गच्या आडव्या पट्ट्यांनाही पेन्सिल्डच म्हणतात. नाव एक, नमुने दोन; हे कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण विकत घेताना कुठला पेन्सिल्ड हे विचारून घ्या.

टोकाला काळा थेंब आणि बाकी पीस स्वच्छ, तर स्पँगल्ड. टोकाला पांढरा ठिपका, तर मॉटल्ड, जशी अँकोना. तांबूस पीस, मग काळी पट्टी आणि अगदी टोकाला पांढरा ठिपका असा तिरंगी क्रम असेल तर ती मिल फ्लर किंवा स्पेकल्ड ससेक्ससारखी रचना. थेंब काळा की पांढरा, एवढ्यावरून स्पँगल्ड आणि मॉटल्ड वेगळे पडतात, तरी निम्म्या पत्रांत ते उलटे लिहिलेले असतात.

मान, पंखाची मोठी पिसं आणि शेपूट इथेच काळं आणि बाकी अंग एकाच रंगाचं असेल तर तो कोलंबियन. लाइट ब्रह्मा, लाइट ससेक्स. यात छातीचं पीस काहीच सांगत नाही. मानेचं बघावं लागतं.

लेस्डमध्ये तीन दोष नेहमी येतात. किनारीच्या बाहेर पुन्हा मूळ रंगाची बारीक कड दिसणं. आतल्या स्वच्छ भागात काळी भुकटी उडाल्यासारखी दिसणं. आणि टोकाला किनार जाड, बाजूंना नाहीशी, म्हणजे घोड्याच्या नालेसारखी. तिसरा दोष स्पँगल्डकडे झुकतो आणि पुढच्या पिढीत वाढतो, म्हणून असा कोंबडा पैदाशीला ठेवू नये. तपासणी नव्या पिसांची करा. वर्षभर घासून कड झिजलेली असते, तेव्हा चांगली किनारही बारीक वाटते.

या चारपाच नमुन्यांमागे मोजकीच जनुकं आहेत. पेन्सिल्डचं जे जनुक, तेच काळा वाढवणाऱ्या दुसऱ्या जनुकाच्या जोडीने डबल लेस्ड होतं, आणि त्यात कोलंबियनचं जनुक मिसळलं की सिंगल लेस्ड. म्हणून लेस्ड आणि कोलंबियन एकत्र केले तर मधलंच काहीतरी धूसर येतं, ज्याला कुठलंच नाव बसत नाही. अशाला नाव शोधत बसू नका.

प्रश्न : तीन जातींचे तांबडे, काळ्या छातीचे कोंबडे अगदी सारखे दिसतात. वेगळे कसे करायचे?

कोंबड्यावरून करूच नका, कोंबड्या बघा. सोनेरी मान, तांबडे खांदे, काळी छाती आणि काळी शेपूट हा पोशाख तीन निराळ्या मूळ रंगांचे नर घालतात.

मादीत मात्र फरक स्वच्छ आहे. रानकोंबडीच्या मूळ रंगाची मादी, जशी ब्राउन लेगहॉर्न: छाती तांबूस गुलाबी, पाठ तपकिरी आणि त्यावर बारीक काळी भुकटी. पार्ट्रिज मादी: छाती गुलाबी नाही, पाठीसारखीच खुणांची. गव्हाळ मादी: छाती मलईसारखी, पाठ पिकल्या गव्हाच्या रंगाची.

पहिल्या दिवशीची लव याहून सोपी. पाठीवर खारीसारखे लांब पट्टे आणि डोळ्यामागून गडद रेघ असेल तर रानरंग. पट्टे मोडलेले, अस्पष्ट, डोकं सरसकट तपकिरी आणि डोळ्याची रेघ नाही तर पार्ट्रिज. जवळजवळ सगळं फिकं पिवळं तर गव्हाळ. कोंबडाच हाती असेल आणि दुसरं काही नसेल तर पाठीची पिसं वर करून कातडीलगतची लव बघा: रानरंगात ती करडी, गव्हाळात पांढुरकी. ही खूण शुद्ध पक्ष्यातच चालते. मिश्र असेल तर काहीही दिसू शकतं.

प्रश्न : रंगावरून नर-मादी ओळखता येणारी पिल्लं काढली. त्यांचीच पुढची पिढी काढली तर ओळख चुकू लागली.

चुकणारच. सोनेरी कोंबडा, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, आणि रुपेरी कोंबडी, म्हणजे लाइट ससेक्स, या जोडीत आईचं रुपेरी जनुक फक्त मुलग्यांकडे जातं. मुलगे फिके पिवळे, मुली तांबूस. पण त्या मुलग्यांकडे आता रुपेरी एक आणि सोनेरी एक अशा दोन्ही प्रती आहेत. त्यांनी पुढे जन्माला घातलेल्या पिल्लांत नरही दोन्ही रंगांचे, माद्याही दोन्ही रंगांच्या. ही युक्ती एकाच पिढीची आहे. दर वेळी मूळ जोडी हवी. जोडी उलटी केली, कोंबडा रुपेरी आणि कोंबडी सोनेरी, तर सगळीच पिल्लं रुपेरी दिसतात.

असा मिश्र रुपेरी कोंबडा मोठा झाल्यावर ओळखू येतो. मानेत पिवळट झाक आणि खांद्यावर गंजासारखा डाग.

प्रश्न : काळ्या जातीची पिल्लं घेतली, पण पोट आणि पंखांची टोकं पिवळसर पांढरी आहेत.

काळी पिल्लं बहुधा तशीच असतात. पिसं आली की जाईल. सर्वांगाने काळं पिल्लू हा अपवाद.

प्रश्न : काळ्या कोंबड्याच्या मानेत तांबड्या काड्या दिसू लागल्या.

काळ्याखालचा सोनेरी डोकावतो आहे. काळा रंग पक्का करणारी जनुकं त्याच्याकडे अपुरी आहेत. कोंबडीत हाच कच्चेपणा सहसा दिसत नाही, म्हणून फक्त कोंबडा बदलून भागत नाही. त्याच्या बहिणींकडेही तोच दोष असतो.

प्रश्न : तीन वर्षांच्या तांबड्या कोंबडीला पिसं झडल्यावर पांढरी पिसं आली. रोग का?

कुठे आली ते पाहा. एकाच ठिकाणी चारदोन असतील तर तिथे जुनी जखम किंवा टोचणी झाली असावी. इजा झालेल्या मुळातून येणारं पीस पांढरं येऊ शकतं. अंगभर टोकाटोकांना असतील आणि कोंबडी मॉटल्ड वंशाची असेल तर ते वय आहे. दर वर्षी पिसं बदलताना मॉटल्डमध्ये पांढरा वाढतोच, म्हणून अशा जातीत पहिल्या वर्षी कमी पांढरी असलेली कोंबडी पुढे नेमकी शोभते. वाढत्या पिल्लांच्या पंखातली मोठी पिसं फिकी पडत असतील तर खाद्य तपासा. लायसिन, तांबं, लोह, फॉलिक आम्ल यांपैकी काही कमी पडलं तर रंगीत जातींचा रंग उडतो. नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या पिल्लांत हा संशय आधी घ्यावा, कारण धान्यात लायसिन कमी असतं.

पांढरी नव्हे, पण सगळ्या पिसांवर एकाच उंचीवर आडवी, दबलेली, कमकुवत रेघ असेल तर ती रंगाची खूण नव्हे. पीस वाढत असताना त्या दिवसांत कोंबडीला आजार, उपास किंवा घाबरणं झालेलं आहे.

प्रश्न : कडकनाथचा कोंबडा काळा आहे, पण त्याच्या मानेला सोनेरी पिसं आहेत. अस्सल नाही का?

कातडी, हाडं आणि मांस काळं करणारं जनुक वेगळं, पिसांचं वेगळं. सिल्कीची कातडी काळी आणि पिसं पांढरी असू शकतात, ते याचमुळे. कडकनाथमध्येही सर्वांग काळा, पेन्सिल्ड आणि सोनेरी असे प्रकार आहेत. पिसांवरून अस्सलपणा ठरवू नका. तुरा, तोंडाची आतली बाजू, जीभ आणि पंखाखालची कातडी बघा.

प्रश्न : चार वर्षांची पार्ट्रिज कोंबडी अंडी द्यायची थांबली, आणि नंतर तिला कोंबड्यासारखी काळी छाती आणि टोकदार सोनेरी मान आली. हे कसं?

कोंबडीचा साधा पोशाख हा स्त्री-संप्रेरकाने दिलेला असतो. ते नसेल तर नर असो वा मादी, नराचाच पोशाख येतो. कोंबडीचं डावं अंडाशय तेवढं काम करतं. ते रोगाने किंवा वयाने निकामी झालं की संप्रेरक घटतं. पण अंगावरची पिसं रंग बदलत नाहीत. नव्याने उगवणारी पिसं नराची येतात. म्हणून अंडी बंद होणं आधी आणि रंग बदलणं नंतरच्या पीसगळीत, असा क्रम तुम्हाला दिसला.

याची उलट बाजू सीब्राइटमध्ये दिसते. तिथे कोंबड्याची कातडीच नर-संप्रेरकाचं स्त्री-संप्रेरक करते, त्यामुळे कोंबड्यालाही कोंबडीसारखी गोल टोकाची, पूर्ण किनारीची पिसं येतात. त्या जातीत मान आणि कंबर बघून नर-मादी ठरवू नका, तुरा आणि अंगाची ठेवण बघा.

तुमच्या कोंबडीचं पोट हाताने चाचपा. ते फुगलेलं, पाणी भरल्यासारखं लागत असेल किंवा तिची छातीची हाडं वर आली असतील तर अंडाशयाचा रोग पुढे गेलेला असू शकतो, पशुवैद्याला दाखवा. पोट मऊ असेल, ती खातपीत हिंडत असेल तर तिला राहू द्या. कळपात कोंबडा असेल तर मात्र लक्ष ठेवा, तो तिला प्रतिस्पर्धी समजून टोचू शकतो.